भूकंप आणि कोरहाचे बंड

वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे या गावास जमिनीखालून येणारे गूढ आवाज आता अपरिचित राहिलेले नाहीत. १० जुलै २०२४ रोजी सकाळी तर ४.५ तीव्रतेच्या धक्क्याने हिंगोली जिल्हा हादरला. अशा प्रसंगी 'पाप वाढले, देव कोपला' असा निवाडा देणारे कोठेही भेटतात. हा निवाडा केवळ अडाण्यांचा, असेही म्हणता येत नाही. १९३४ चा बिहारचा भूकंप ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा होय, असे खुद्द गांधीजी म्हणाले. आणि रवींद्रनाथांस त्याविरुद्ध जाहीरपणे लिहावे लागले.

या मताचे फार ठळक चित्र यहुद्यांच्या धर्मग्रंथात, 'गणना' या पुस्तकात आहे. कोरह, दाथान व अबीराम यांनी मोशे व अहरोन यांच्याविरुद्ध बंड केले. सारीच मंडळी पवित्र असता तुम्हीच श्रेष्ठ का, हा त्यांचा सवाल. तोच धरणी दुभंगली व तिने बंडखोरांस बायकापोरांसह गिळले. अडीचशे जण अग्नीने जळाले. दुसऱ्या दिवशी लोक कुरकुरले, तेव्हा १४,७०० माणसे मरीने मेली. सवालास उत्तर मिळाले नाही. सवाल करणारे मात्र नाहीसे झाले!

परंतु ही शिक्षा त्या ग्रंथासही निमूटपणे पचलेली दिसत नाही. एकाच्या पापासाठी साऱ्या मंडळीवर कोप का, असे मोशे व अहरोन देवासच विचारतात. पुढे कोरहाचे पुत्र मेले नाहीत अशी नोंद येते, आणि कित्येक स्तोत्रे त्याच पुत्रांच्या नावावर आहेत. प्राचीन ग्रंथकारास जी शंका सुचली, ती आमच्या आजच्या सुशिक्षितांस सुचू नये काय?

किल्लारीचा दाखला घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तेथे व आसपासच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. गणेशविसर्जन करून लोक नुकतेच निजले होते. त्यांनी कोणते बंड केले होते? त्यांचा जीव घेतला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदांच्या भाराने. देवाचा कोप मानला की भिंत निर्दोष ठरते, बांधणारा सुटतो आणि सरकारही सुटते. ज्यांस देवाचे माहात्म्य राखावयाचे आहे, त्यांनी निदान निजलेल्या लेकरांचे रक्त त्याच्या माथी मारू नये. पांगरा शिंदेचे आवाज ऐकून प्रायश्चित्ताची नव्हे, भिंतींची चिंता वाहावी. यातच धर्म आहे.