गोळ्यांची डबी लपवू नका

आमच्या ओळखीच्या एका घरी गेल्या महिन्यात मुलगी पाहायला पाहुणे यायचे होते. मुलगी चोवीस वर्षांची, बारावी झालेली, शिवणकामात हुशार. नवव्या वर्षापासून तिला फिट येत असे. अंगारे-धुपारे झाले, चप्पल हुंगवून झाली, कांदा फोडून झाला. पुढे दवाखान्यात तीन औषधे बदलूनही फिट थांबेना, तेव्हा मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून, जिथून फिट सुरू होत होती तो मेंदूचा लहानसा भाग शस्त्रक्रियेने काढला. त्याला चौदा महिने झाले. त्यानंतर एकही फिट आलेली नाही.

आम्ही आनंदाने गेलो, तर तिची आई गोळ्यांची डबी पिठाच्या डब्यात लपवीत होती. म्हणाली, "ताई, पाहुण्यांना दिसायला नको. आणि ऑपरेशन झाल्यावर कशाला हव्यात गोळ्या? लग्न ठरलं की बंदच करू."

भगिनींनो, ह्या एका वाक्यासाठी आजचे हे चार शब्द.

ही शस्त्रक्रिया आपल्या देशाला नवी नाही. वेल्लोरला ती १९५२ साली झाली. दिल्लीच्या एम्समध्ये ११६ मुलांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया केलेल्या मुलांपैकी शंभरात ७७ वर्षभरानंतर फिटमुक्त होती. नुसत्या औषधांवर असलेल्यांत शंभरात फक्त ७. गुण मोठा आहे, पण तो शंभरात शंभर नाही. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्यांच्याही गोळ्या चालूच असतात. मोठ्या माणसांत डॉक्टर बहुधा एक-दोन वर्षे वाट पाहतात, मग एकेक औषध हळूहळू उतरवतात. काहींना थोडी मात्रा पुढेही घ्यावी लागते. आपल्या मनाने गोळी एकदम तोडली तर थांबलेली फिट परत येते, आणि कधी कधी जिवावर बेतते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने घरच्यांनी समजून घेतले पाहिजेत. थकवा येतो, विनाकारण रडू येते. काहींना नावे आठवत नाहीत, ओठावरचा शब्द सापडत नाही. त्याला आळस किंवा नखरे म्हणू नका. वहीत लिहून ठेवण्याची सवय लावा. उदासपणा टिकून राहिला तर डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत. गाडी चालवणे, उंचावर चढणे, विहिरीत पोहणे हे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

त्या मुलीने आम्हाला एक गोष्ट सांगितली, ती आमच्या मनातून जात नाही. "पूर्वी मला कुणी काही मागत नव्हतं. आता सगळे म्हणतात, बरी झालीस ना, मग कमव. आणि आई म्हणते, गॅसजवळ जाऊ नकोस, मोरीची कडी लावू नकोस. मी बरी आहे की आजारी, हे मलाच कळत नाही." पंधरा वर्षे आईचा हात तिच्या दंडावर होता. तो एका दिवसात सुटणार नाही, हे आम्हाला समजते. पण डॉक्टरांना विचारून एकेक काम तिच्या हाती दिलेच पाहिजे.

आता लग्नाचे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. वारंवार फिट येणे ही त्यात लग्नाच्या आड येणारी गोष्ट होती. १९९९ साली ती काढून टाकली. तेव्हा फिट येणारी मुलगी लग्नाला अपात्र, असे आता कायदा म्हणत नाही. मग आपण का लपवायचे? लपवले की सासरी गोळी चोरून घ्यावी लागते, म्हणजे ती चुकते. उद्या दिवस राहिले तर? फिटची काही औषधे पोटातल्या बाळाला बाधतात. म्हणून मूल होऊ देण्याआधीच डॉक्टरांकडून औषध तपासून घ्यावे लागते. नवऱ्यालाच ठाऊक नसेल तर ती कुणाला घेऊन जाणार? आणि उघडकीस आले की फसवणुकीचा ठपका बसतो, प्रकरण कोर्टात जाते.

आम्ही आईला एवढेच म्हटले, "हिला विचारा." मुलगी उठली, पिठाचा डबा उघडला, डबी पुसून पुन्हा फळीवर ठेवली. पाहुणे आल्यावर चहा तिनेच केला. आई दारात उभी राहून पाहत होती. मग वडिलांनी पाहुण्यांना सगळे सांगितले, डॉक्टरांचे कागदही दाखवले.

पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही. कदाचित येणारही नाही. पण रात्री नऊची गोळी ती आता सर्वांसमोर घेते. आणि वाचकांपैकी कुणाच्या घरी असे स्थळ सांगून आले, तर डबी पाहून उठून जाऊ नका. बसा, विचारा, कागद वाचा, आणि मग ठरवा.