वसतिगृहात शिक्षक राहायला हवा

आज २६ जून, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. बारावीचे निकाल लागून गेले आहेत, प्रवेशाच्या याद्या लागत आहेत आणि गादीची वळकटी, बादली घेऊन गावाकडची मुलं-मुली शहरातल्या वसतिगृहांच्या दारात येऊन उभी राहत आहेत. १९०१मध्ये महाराजांच्या आश्रयाखाली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढच्या दोन दशकांत जैन, मुस्लिम, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतल्या मुलांसाठीही तिथे वसतिगृहं उभी राहिली. आज त्या कार्याचं स्मरण सगळीकडे होईल. आम्हाला मात्र त्या निमित्ताने एका हरवलेल्या माणसाबद्दल लिहायचं आहे. तो माणूस म्हणजे मुलांबरोबर राहणारा शिक्षक.

खुद्द शाहूराजांना असा शिक्षक लाभला होता. राजकोटच्या राजकुमार कॉलेजातलं शिक्षण संपल्यावर ते धारवाडला राहिले. तिथे स्टुअर्ट फ्रेझर यांनी त्यांना वर्गाबाहेरही शिकवलं, त्यांच्यासोबत हिंदुस्थानभर प्रवास केला. फ्रेझर ब्रिटिश सत्तेचेच अधिकारी होते, हे विसरण्याचं कारण नाही. तरीही गुरुशिष्यांचा तो स्नेह महाराजांनी राज्यकारभार हाती घेतल्यावरही टिकला. बोर्डिंगला इमारतीपलीकडचा अर्थ असतो, हे महाराजांना ठाऊक होतं ते बहुधा अशा अनुभवातूनच.

जगातल्या जुन्या विद्यापीठांनी ही गोष्ट शतकानुशतकं जपली. ऑक्सफर्डमध्ये विद्यार्थी आठवड्याला निबंध लिहितो आणि एकटा किंवा एखाद्या सोबत्याबरोबर ट्युटरपुढे बसून त्याचा बचाव करतो. केंब्रिजमध्ये दोघा-तिघांना एकत्र बसवून शिकवलं जातं आणि विद्यार्थ्याच्या सुखदुःखाकडे पाहायला कॉलेजचा ट्युटर वेगळा असतो. आपले रँग्लर र. पु. परांजपे केंब्रिजच्या अशाच सेंट जॉन्स कॉलेजातून १८९९मध्ये गणितात अव्वल येऊन सीनियर रँग्लर झाले आणि परतल्यावर तुटपुंज्या वेतनावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. जवळ राहिल्याने सगळं गोड होतं, असा मात्र आमचा दावा नाही. १९०५मध्ये विदेशी कापडाच्या होळीनंतर फर्ग्युसनचे विद्यार्थी विनायक दामोदर सावरकर यांना दंड करून वसतिगृहातून काढलं, तेव्हा प्राचार्य परांजपेच होते.

ही पद्धत केवळ इंग्लंडच्या दगडी वाड्यांतच चालते असंही नाही. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाने २०११मध्ये टेंबुसू कॉलेज सुरू केलं. अभियांत्रिकी, वैद्यक, कायदा अशा निरनिराळ्या शाखांची मुलं तिथे एकत्र राहतात, काही प्राध्यापकही त्याच इमारतीत राहतात आणि पदवीच्या अभ्यासक्रमाचा काही भाग तिथेच, छोट्या वर्गांत शिकवला जातो. जेवणाच्या टेबलावर सुरू झालेला वाद दुसऱ्या दिवशी वर्गात पुढे जाऊ शकतो, आणि वर्गातला जेवणापर्यंत.

अशा सहवासाचा लाभ विद्यार्थ्याला होतो, हे कुणीही मान्य करील. त्याहून अधिक लाभ शिक्षकाला होतो, असं आम्हाला वाटतं. वर्गात साठ चेहरे समोर असतात. त्यातला कोणता चेहरा भुकेला आहे, कोणाला इंग्रजी पुस्तक उघडण्याचीच धास्ती वाटते, कोण रात्री काम करून सकाळी पेंगतो, हे फळ्यासमोरून दिसत नाही. पोळीभाजीच्या पंगतीत दिसतं. शेजारच्या खोलीतली मुलगी रात्री अकराला येऊन ‘सर, हे पुन्हा सांगता का?’ म्हणते, तेव्हा वर्षानुवर्षं त्याच क्रमाने सांगितलेला धडा पहिल्यांदा मोडून पडतो आणि नव्याने बांधावा लागतो. गणिताच्या शिक्षकाला नाटकवेड्या मुलाकडून, मराठीच्या शिक्षिकेला संगणकाच्या विद्यार्थिनीकडून काही शिकावं लागतं. विषयाच्या कुंपणात एकटा पडत गेलेला प्राध्यापक अशाने पुन्हा विद्यार्थी होतो. तरुण शिक्षकासाठी याहून चांगलं प्रशिक्षण आम्हाला माहीत नाही.

महाराष्ट्राला हे परकं नाही. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या वसतिगृहात राहून शिकले, शाहू महाराजांच्या सहवासात आले आणि १९२४मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग त्यांनी सुरू केलं. १९२७मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलं एकत्र स्वयंपाक करत, एकत्र जेवत. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या पोरांसाठी अंगावरचे दागिने मोडले. भाऊराव आणि लक्ष्मीबाई त्या मुलांचे व्यवस्थापक नव्हते. त्यांचा संसार आणि मुलांचा संसार एकच होता.

आज बहुतेक ठिकाणी रेक्टर म्हणजे किल्ल्या, हजेरी आणि मेसच्या तक्रारी सांभाळणारा माणूस. हे काम वाट्याला येतं तेही नेहमीच्या तासांवर अतिरिक्त भार म्हणून. आणि शिकवणाऱ्यांपैकी कितीतरी जण तासिका तत्त्वावर! एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात धावणाऱ्या माणसाने संध्याकाळी मुलांत बसावं, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

म्हणून विद्यापीठांपुढे आणि सरकारपुढे आमचं मागणं अगदी साधं आहे. नव्या वसतिगृहाच्या नकाशात शिक्षकाच्या कुटुंबासाठी घर आणि पंधरा-वीस जण बसतील अशी एक खोली आधी आखा. मुलींच्या वसतिगृहात शिक्षिकांना हीच सोय द्या. तिथे राहून मुलांना दिलेला वेळ अध्यापनाच्या तासांत मोजा, बढतीच्या वेळी त्याची नोंद घ्या. पीएच.डी. करणाऱ्या तरुणांना मोफत खोली आणि मानधन देऊन प्रत्येक मजल्यावर एक शिकवणी-सोबती नेमा. तासिका तत्त्वावर वणवण करणाऱ्यांना यात पहिला मान द्या. आणि सुरुवात सरकारी वसतिगृहांपासून करा, कारण घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणारी अनेक मुलं तिथेच राहतात.