ऋणी कोण? मतदार की आमदार?

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या मार्गावर वाटूर हे परतूर तालुक्यातील गाव आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून त्यात समाविष्ट झाला. जिल्हा बदलला, पण पावसाचे लहरीपण आणि उन्हाळ्यातील टँकरची प्रतीक्षा बदलली नाही. अशा प्रदेशात आमदाराकडे लोक केवळ विधिमंडळातील सदस्य म्हणून पाहत नाहीत. पाणी, रस्ता, पीकविमा, दवाखाना या साऱ्यांसाठी दार ठोठावण्याचे ते अखेरचे ठिकाण असते. म्हणूनच त्याच्या कारकिर्दीचे मूल्यमापनही तितक्याच गांभीर्याने व्हावयास हवे.

वाटूर ज्या परतूर विधानसभा मतदारसंघात येते, तेथील राजकारणावर गेली पंचवीस वर्षे बबनराव लोणीकर यांची छाप आहे. १९९९ आणि २००४ अशा दोन निवडणुका त्यांनी भारतीय जनता पक्षाच्या वतीने जिंकल्या. त्या काळात राज्यात काँग्रेस आघाडीची सत्ता होती. विरोधी बाकांवरील ग्रामीण आमदाराला निधीसाठी किती झगडावे लागते, हे जाणकारांना वेगळे सांगावयास नको. २००९ मध्ये अपक्ष सुरेशकुमार जेथलिया यांनी त्यांचा पराभव केला. अशा पराभवानंतर अनेकांची कारकीर्द संपुष्टात येते. लोणीकरांची संपली नाही. २०१४, २०१९ आणि २०२४ असे सलग तीन विजय त्यांनी मिळवले. पाच विजय आणि एक पराभव, हा जनसंपर्क नसलेल्या माणसाचा हिशेब नव्हे.

२०१४ ते २०१९ या काळात देवेंद्र फडणवीस यांच्या मंत्रिमंडळात पाणीपुरवठा व स्वच्छता हे खाते त्यांच्याकडे आले. टँकरग्रस्त भागाचा प्रतिनिधी पाण्याचा मंत्री व्हावा, हा योग अर्थपूर्ण होता. त्यांच्याच कार्यकाळात, एप्रिल २०१६ मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. मराठवाड्याच्या तहानेचे ते विदारक दर्शन होते. पुढे मराठवाड्यातील धरणे जलवाहिन्यांनी जोडण्याची कल्पना पुढे आली आणि त्यासाठी २०१८ मध्ये इस्रायलच्या मेकोरोट कंपनीशी करार झाला. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. सुमारे ६० लाख शौचालये बांधली गेल्याचे तेव्हा शासनाने सांगितले. घोषणा आणि गावातील वस्तुस्थिती यांत अंतर राहतेच. परंतु एका ग्रामीण आमदाराला राज्यव्यापी दायित्व मिळाले आणि त्याने ते पाच वर्षे सांभाळले, याची नोंद प्रामाणिकपणे घ्यावयास हवी.

परंतु कारकीर्द केवळ विजयांनी आणि खात्यांनी मोजली जात नाही. जून २०२५ मध्ये समाजमाध्यमांवर टीका करणाऱ्या तरुणांना उद्देशून लोणीकर बोलले. त्यांच्या अंगावरचे कपडे, पायातले बूट आणि हातातला मोबाईल आपल्यामुळेच आहे, असा त्या बोलण्याचा आशय होता. त्याचे पडसाद विधानसभेत उमटले. १ जुलै रोजी या विषयावरील गदारोळात काँग्रेसचे नाना पटोले एका दिवसासाठी निलंबित झाले. बोलण्याचा विपर्यास झाल्याचा खुलासा लोणीकरांनी केला आणि शेतकऱ्यांची माफी मागण्याची तयारीही दर्शवली. विषय राजकीयदृष्ट्या तेथे मिटला असेल. वैचारिकदृष्ट्या तो मिटू नये.

शेतकऱ्याच्या खात्यात केंद्राचे वर्षाला ६ हजार आणि राज्याचे ६ हजार रुपये जमा होतात. ही रक्कम कोणत्याही नेत्याच्या घरून येत नाही. शासन ती करांतून देते. ज्या मोबाईलचा उल्लेख झाला, त्याच्या खरेदीवर तोच शेतकरी १८ टक्के वस्तू व सेवा कर भरतो. खते, डिझेल, कापड या साऱ्यांच्या किमतीत त्याचा वाटा आहेच. मग देणारा कोण आणि घेणारा कोण? लोकप्रतिनिधी हा या धनाचा विश्वस्त आहे, दाता नव्हे. विश्वस्ताने हिशेब द्यावयाचा असतो, उपकार मोजावयाचे नसतात.

हा आदर्श पुस्तकी नाही. महाराष्ट्राच्या विधानसभेतच तो जगून दाखवला गेला आहे. रामभाऊ म्हाळगी १९५७ मध्ये मावळातून जनसंघाच्या वतीने निवडून आले. पुढे १९६७ आणि १९७२ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेने त्यांना विधानसभेत पाठवले, तर १९७७ आणि १९८० मध्ये ठाण्याने लोकसभेत. आणीबाणीत त्यांनी कारावास भोगला. आपल्या कामाचा वार्षिक अहवाल मतदारांपुढे ठेवण्याची त्यांची प्रथा होती. सत्ता हाती नसताना, मोठा निधी वाटावयास नसताना, त्यांनी हा नियम पाळला. मतदारांनी आपले आभार मानावेत ही अपेक्षा त्यामागे नव्हती. मतदारांना विचारण्याचा अधिकार आहे, ही जाणीव होती. ६ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने उभी राहिलेली प्रबोधिनी आज लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देते. तिच्या नावातच त्या प्रशिक्षणाचा पहिला पाठ सामावलेला आहे.

दोघांच्या काळात फरक आहे, हे मान्य केले पाहिजे. म्हाळगींच्या काळी थेट खात्यात पैसे देणाऱ्या योजना नव्हत्या आणि प्रत्येक वाक्य क्षणार्धात राज्यभर पोहोचवणारे मोबाईलही नव्हते. पण म्हणूनच आज वाणीचा संयम अधिक आवश्यक आहे. जो पक्ष कार्यकर्त्यांच्या श्रमावर उभा राहिला, त्याच्या आमदाराचे एक वाक्य शेकडो कार्यकर्त्यांची वर्षानुवर्षांची मेहनत वाया घालवू शकते. गावात उत्तरे द्यावी लागतात ती त्या कार्यकर्त्याला.

वाटूरच्या मतदाराला भाषणांची उणीव नाही. कोणती योजना कोठवर आली, किती गावांत मे महिन्यातही नळाला पाणी आले, काय अपुरे राहिले आणि का, एवढा चार पानांचा अहवाल दरवर्षी त्याच्या हाती पडला, तर पुढचा प्रचार निम्म्याने सोपा होईल. पाच वेळा निवडून आलेल्या प्रतिनिधीला हे अशक्य नाही. मतदाराने पाच वेळा विश्वास टाकला आहे. ऋण असेलच, तर ते आमदाराच्या माथी आहे.