घरपट्टीची हरकत : नागरिकाचा हक्क आणि कर्तव्य

फेरआकारणीची नोटीस दारी आली की मध्यमवर्गीय घरात दोन प्रकारचे उद्गार निघतात. ‘सरकारी आकडा आहे, भरून टाकू’ हा पहिला. ‘ओळखीच्या नगरसेवकाला सांगू’ हा दुसरा. पहिल्यात निमूटपणा आहे, दुसऱ्यात वशिला. कायद्याने दाखविलेला लेखी हरकतीचा राजमार्ग मात्र फार थोड्यांना आठवतो.

बुलढाणा जिल्ह्यात खामगाव, शेगाव, चिखली, मेहकर, मलकापूर आदी ११ नगर परिषदा आणि मोताळा व संग्रामपूर या दोन नगर पंचायती आहेत. या सर्वांचा कारभार १९६५ च्या महाराष्ट्र नगर परिषद अधिनियमानुसार चालतो. घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल याचा अंदाज करून, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा केले की करयोग्य मूल्य निघते, ही या कायद्यातील मूळ पद्धती. दर चार वर्षांनी नवी आकारणी यादी व्हावी, ती जनतेसाठी खुली ठेवावी, हरकती मागवाव्यात आणि हरकतदाराचे म्हणणे ऐकूनच ती अंतिम करावी, असा क्रम आहे. यादी एकदा अंतिम झाली की तीच आकारणीचा पुरावा ठरते. म्हणूनच नोटिशीतील मुदत हा या प्रकरणाचा प्राण आहे. मुदत उलटल्यावर चौकात केलेल्या संतापाला कायद्याच्या दरबारात किंमत नसते.

चूक होते कोठे? बहुधा मोजमापात आणि वर्गवारीत. समजा, ६० चौरस मीटरचे घर नोंदीत ७८ चौरस मीटर लागले. दरमहा चौरस मीटरला २० रुपये भाडे धरले, तर खरे करयोग्य मूल्य १२,९६० रुपये. चुकीचे १६,८४८ रुपये. करांचा एकत्रित दर २५ टक्के मानला, तर वर्षाला ९७२ रुपयांचा आणि चार वर्षांत ३,८८८ रुपयांचा नाहक भुर्दंड. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम क्षुल्लक नव्हे. मातीच्या धाब्याचे जुने घर पक्क्या स्लॅबच्या रकान्यात गेले किंवा राहती खोली दुकान म्हणून नोंदली गेली, तर भार आणखी वाढतो. कारण बिगरनिवासी मालमत्तेला रोजगार हमी उपकरही लागतो.

खेड्यांत पद्धत निराळी आहे. ग्रामपंचायतींसाठी ३१ डिसेंबर २०१५ च्या सुधारित नियमांनी जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापर यांवर आधारित भांडवली मूल्याची पद्धत आणली. घराचे वय चुकीचे लिहिले की घसारा चुकतो आणि कर फुगतो. नमुना ८ चा उतारा काढून ही नोंद कोणालाही तपासता येते. आकारणी अमान्य असल्यास पंचायत समितीकडे आणि पुढे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते.

हरकत घेणे म्हणजे शासनाशी वैर, असा एक समज आहे. तो निराधार आहे. मुंबईतील मालमत्ताधारकांनी महानगरपालिकेच्या भांडवली मूल्याच्या नियमांना आव्हान दिले. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. भविष्यात मिळू शकणाऱ्या चटई क्षेत्रावर आज कर लावता येत नाही, आज जागा जशी आहे तशीच ती मोजली पाहिजे, हे त्यातून ठरले. कर बुडविण्यासाठी हा लढा नव्हता. कर नियमात बसावा यासाठी होता.

अर्थात, या नाण्याला दुसरी बाजूही आहे. पाणी, दिवाबत्ती, गटारे हवीत, पण घरपट्टी नको, ही वृत्ती समाजाला शोभणारी नाही. एकाचे घर वाजवीपेक्षा जास्त मोजले जाते, तसे दुसऱ्याचे दुमजली बांधकाम वर्षानुवर्षे नोंदीबाहेर राहते आणि त्याचा भार प्रामाणिक शेजारी वाहतो. सरसकट स्थगितीची मागणी या दोघांना एकाच मापाने तोलते. त्याने आजचा असंतोष शमतो, चुकीची नोंद मात्र तशीच राहते. फुलाला इजा न करता मध घेणाऱ्या भुंग्याचा दृष्टान्त भारतीय परंपरेने राजाला दिला. त्यात राज्यकर्त्याला संयमाचा उपदेश आहे. मध देऊच नये, असे फुलाला कोणी सांगितलेले नाही.

नगर परिषदांनीही आपले दायित्व ओळखावे. मोजणीचा तक्ता, धरलेला दर आणि वर्गवारी नोटिशीसोबतच सुबोध मराठीत द्यावी. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मिळविण्याची पाळी नागरिकावर यावीच का? सुनावणी दोन मिनिटांत उरकू नये. निर्णय कारणांसह लेखी द्यावा. डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांच्या निवडणुका झाल्या. वशिल्याने एखाद्याचा आकडा कमी करून देण्यापेक्षा वॉर्डाची यादी जाहीरपणे वाचून दाखविणारा नगरसेवक अधिक उपयोगी ठरेल.

आणि कार्यकर्त्यांनी? मोर्चा काढण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. वस्तीतील वृद्ध दांपत्य, विधवा भगिनी, अल्पशिक्षित कामगार यांच्या घराचे माप घ्यावे, जुनी पावती व बांधकाम परवाना जोडून अर्ज लिहून द्यावा, पोच घ्यावी आणि सुनावणीला सोबत जावे. या कामात घोषणा नाहीत, छायाचित्रे नाहीत. पण कायद्याच्या दारात ताठ मानेने उभा राहणारा नागरिक अशाच कामातून घडतो; आणि योग्य ठरलेला कर तोच नागरिक मुदतीत, विनातक्रार भरतो.