बुलेट कुणाच्या बापाची?

दोस्तांनो, मागल्या महिन्यात अभ्यासमंडळात एक जाणते कार्यकर्ते माझ्या गाडीकडं बोट करून म्हनाले, 'हा बघा आपला नवा पाटील!' पोरं हसली. मीबी हसलो. रात्री पाळीवर रिंगफ्रेमसमोर तुटलेले धागे सांधताना मात्र माझ्याच हसण्याची किळस आली. तवा गप बसलो, आता लिहितो.

गाडी बुलेट आहे. ३५० सीसी, सेकंडहँड. वजन दोनशे किलोच्या घरात. हप्ते अजून चौदा बाकी. कर्ज देणाऱ्या फायनान्सवाल्यानं पत्त्यात 'भीमनगर' वाचलं आणि पगाराची स्लिप बघायच्या आधी जामीनदार मागितला, ते सोडा. शंभर सीसीची साधी गाडी निम्म्या पैशात आली असती, पेट्रोलही निम्मं प्याली असती. सूतगिरणी ते गाव सतरा किलोमीटर, तेवढ्याला ती पुरते. मग बुलेटच का? खोटं कशाला बोलू. ज्या पारासमोरनं माझा आजा चपला हातात घेऊन जायचा, त्या पारासमोरनं मला तिचा आवाज न्यायचा होता. ही चैन असंल तर आहे चैन!

पण जाणत्या साहेबांना विचारतो, ही गाडी पाटलाची कवा झाली? १९५५ साली मद्रासला तिची जुळणी सुरू झाली. जुळवली कामगारांनी. पाटलानं तिचा एक नटबोल्ट आवळलेला नाही. त्यानं घेतली की खानदानी, आम्ही घेतली की नक्कल? गाव जे कोयत्यानं सांगतं तेच तुम्ही हसून सांगता.

कोयता उगाच म्हनत नाही. फेब्रुवारी २०२५, तामिळनाडू, शिवगंगा जिल्हा. आपला एक कॉलेजात शिकणारा भाऊ बुलेटवरनं घरी चालला होता. त्याच्या हातांवर वार केले. या जातीत जन्मून बुलेट चालवतोस काय, असं मारणारे बोलले, असं तक्रारीत आहे. हातांवर! ज्या हातांत क्लच आणि अॅक्सिलरेटर असतो, त्या हातांवर. आणि तामिळनाडू लांब आहे म्हणून सुस्कारा सोडू नका. मे २०१५ मध्ये आपल्या शिर्डीत मोबाइलच्या रिंगटोनला बाबासाहेबांचं गाणं वाजलं म्हणून एका पोराचा जीव घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं ३५० सीसीपर्यंतच्या गाडीचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के केला. सरकारची रेघ साडेतीनशेवर आहे. गावाची रेघ अजून पायातल्या चपलेवर आहे.

आता बाबासाहेबांचीच गोष्ट घ्या. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' वाचलंय ना? १९०१ साली मसूर स्टेशनवर ती पोरं उतरली. खटाव तालुक्यातल्या गोरेगावला बापाकडं जायचं होतं. एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी भाडं दुप्पट, गाडी पोरांनीच हाकायची आणि मालक बाजूनं चालणार! पुढं १९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर झालेले, सरकारी समितीचे सभासद. चाळीसगावला टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नाही. टांगा भाड्यानं देईन, हाकणार नाही म्हणाला. मग वस्तीतला एकजण पुढं बसला. त्यानं जन्मात टांगा हाकलेला नव्हता. मोरीवर चाक अडकलं, घोडा आणि टांगा नदीत, बाबासाहेब दगडी फरशीवर आपटले. पाय मोडला.

हे वाचताना आपण टांगेवाल्याला शिव्या देतो आणि पान उलटतो. थांबा ना जरा! बाबासाहेबांनी वस्तीतल्या माणसांनाही सोडलेलं नाही. पाहुण्याचा मान राखायच्या घाईत त्याचा जीव राखायचं ती विसरली, हेही त्यांनी लिहून ठेवलंय.

म्हणून आता आपल्या पोरांकडं वळतो. १४ एप्रिलला सायलेन्सर काढून, तिघं तिघं बसून, डोक्यावर निळी पट्टी आणि हेल्मेट नाही, असे जे वस्तीतनंच फटफट करत फिरतात त्यांना सांगतो, तुमच्या आवाजानं पाटलाची झोप मोडत नाही रे. आपलीच दम्याची म्हातारी दचकून उठते. लायसन नाही, ब्रेक घासलेले, आणि म्हणे विद्रोह! पोलिसाला दंडाची पावती फाडायला आणि गावाला 'बघा, हे असलेच' म्हणायला आपण आयतं कारण देतो. चाळीसगावची मोरी अजून तिथंच आहे, भावांनो.

आणि एक राहिलं. मंडळात आपण सगळे गाड्यांवर येतो, बहिणी मागं बसून येतात. माझीही येते. नव्वद वर्षं आपण टांगेवाल्याला नावं ठेवली आणि आपल्याच घरात हँडल कुणाला द्यायचं नाही ते ठरवून बसलो. तिनं परवा विचारलं, 'दादा, ही गाडी फक्त तुझ्या वेशीची का?' मला उत्तर सुचलं नाही.

रविवारी सकाळी सातला समाजमंदिरामागच्या मैदानावर येतोय. पेट्रोल माझं. स्टँडवर गाडी कशी घ्यायची तिथून सुरुवात, कारण तिथंच भलेभले पडतात. पोरी आधी. हेल्मेट एकच आहे, आळीपाळीनं घालू. जाणत्या साहेबांनाही या म्हणावं, मागं बसवून आणतो.