मिसळलेल्या नशेची जबाबदारी कोणाची?

गांजा वाईट की दारू, हा वाद आपण वर्षानुवर्षे घालतो आहोत. पण आपल्या गल्लीतली पोरं आता एकाच नशेवर थांबतात कुठे? गांजा, त्यावर दारू, त्यावर गुंगीची गोळी. आपली व्यवस्था मात्र एकेका पदार्थाचाच हिशेब मांडते. म्हणून हे मुद्दे.

१. दारू पोटात असताना गांजा ओढला, तर त्यातला नशा आणणारा घटक, टीएचसी, रक्तात जास्त चढतो. चक्कर, उलट्या, छातीत धडधड सुरू होते. होळीच्या ठंडाईतली भांग तर चढायलाच अर्धा ते दोन तास घेते. तेवढा धीर कुणाला असतो? ‘काहीच होत नाही’ म्हणत दुसरा पेला घेतला जातो, वर दारूही. मग सगळे एकदम अंगावर येते. ‘सणाला चालतं’ म्हणणारे आपणच या प्रकाराला मोकळीक देतो.

२. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवणे गुन्हा आहे. अमली पदार्थाच्या अमलाखाली ताबा सुटेल अशा अवस्थेत चालवणेही त्याच कलमात येते. पण नाकाबंदीत तोंडाशी धरलेले यंत्र फक्त दारू ओळखते. थोडी दारू आणि वर गांजा घेतलेला चालक बिनदिक्कत पुढे जातो. पुढच्या चौकात त्याने कुणाला उडवले, तर जबाब कोण देणार? लाळेची चाचणी प्रत्येक नाकाबंदीवर हवीच.

३. मालेगावात ‘कुत्ता गोळी’, छत्रपती संभाजीनगरात ‘बटन’ म्हणून विकली जातात ती अल्प्राझोलाम, नायट्राझेपामसारखी औषधे. दारूबरोबर घेतली तर श्वासच मंदावतो. गांजाची धुंदी असली की किती गोळ्या घेतल्या याचेही भान राहत नाही. २०१४ पासून ही औषधे एच-१ यादीत आहेत: डॉक्टरांची चिठ्ठी हवी, विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षे जपायला हवी. ती नोंदवही तपासतो कोण? चिठ्ठीविना दिलेली प्रत्येक पट्टी हा कुणाच्या तरी जिवाशी खेळ आहे.

४. सिगारेट रिकामी करून तीत गांजा आणि तंबाखू एकत्र भरतात. गांजा अधूनमधून मिळतो. तंबाखू पानटपरीवर रोज. ‘गांजा नैसर्गिक आहे’ म्हणत सुरुवात केलेला पोरगा निकोटिनचा गुलाम होतो. शाळेजवळच्या टपरीकडे डोळेझाक करणाऱ्या पालिकेचा यात वाटा आहे.

५. सगळ्यात जीवघेणी आहे ती आपली भीती. पोलीस येतील म्हणून मित्र पळतात. ‘झोपू दे, उतरेल’ म्हणत घरचे दार लोटतात. बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा, काय काय घेतले ते सगळे सांगा. व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला, तर सेवनाच्या व अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४अ १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. हे घराघरांत पोहोचवणे सरकारचे कामच आहे.

डॉक्टरांनी ‘आणखी काय घेतलंस?’ हे न रागावता विचारावे, पालकांनीही. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पोरगा आपल्या घरचा नाही, म्हणून जबाबदारीही आपली नाही, असे म्हणणाऱ्या शहराला कोणताच कायदा वाचवू शकत नाही.