पट्टी ‘नाही’ म्हणते, मग मन का ऐकत नाही?

आमच्या कारंजा लाडमधील एका वस्तीतली एक मुलगी. लग्न झालेले नाही, कॉलेज करते, हंगामात आईबरोबर सोयाबीन सोंगायला जाते. पाळी आठ दिवस लांबली. मेडिकलमधून पट्टी आणून तिने संडासात लपून तपासली. एकच रेघ आली, म्हणजे गर्भ नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासली, उत्तर तेच. तरीही तिला झोप नाही, अन्न गोड लागत नाही. शेवटी तिने ओळखीच्या एका नर्सबाईला विचारले, “मावशी, ते पट्टी खोटी तं नाही ना बोलत?”

या प्रश्नाला हसणारे पुरुष आम्ही पाहिले आहेत. त्यांनी क्षणभर विचार करावा. परीक्षेचा निकाल हातात असूनही ज्या मुलीचा त्यावर विश्वास बसत नाही, तिला पट्टीची भीती वाटते की आपल्या समाजाची?

आधी पट्टीचे बोलू, कारण अज्ञानातच भीती वाढते. गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटल्यावर शरीरात एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते. ते लघवीत उतरते आणि पट्टी फक्त तेच शोधते. म्हणून संबंधानंतर चार दिवसांनी घाईने तपासले, तर गर्भ राहिलेला असला तरी पट्टी ‘नाही’च म्हणेल. पाळीची तारीख उलटल्यावर, सकाळच्या पहिल्या लघवीत तपासावे. पाळी तरीही आली नाही तर आठवड्याने पुन्हा तपासावे. शेवटच्या असुरक्षित संबंधाला 21 दिवस उलटून गेल्यावर पट्टी नीट वापरली आणि ‘नाही’ आले, तर त्या उत्तरावर भरवसा ठेवावा. ‘सी’ अक्षराजवळची रेघच उमटली नाही तर ती पट्टी बाद समजावी. आणि पाकिटावर लिहिलेली वेळ टळून गेल्यावर, तासाभराने कचऱ्यातून काढून पाहिलेली पुसट रेघ धरू नये. असे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या कितीतरी भगिनी आहेत!

मग पाळी का येत नाही? कारणे पुष्कळ आहेत. पोटभर न मिळणारे अन्न, एकाएकी घटलेले वजन, थायरॉइड, पीसीओडी, अंगावर पिणारे बाळ. 72 तासांच्या आत घ्यायची गोळी घेतली असेल तर तीही पाळी पुढेमागे करते. सरकारी दवाखान्यात मिळणारे ‘अंतरा’ इंजेक्शन घेणाऱ्या बाईची पाळी तर महिनोन् महिने बंद राहू शकते आणि हे तिला आधी सांगितले नसेल तर ती घाबरणारच. शिवाय चिंतेनेही पाळी लांबते. पाळी लांबली म्हणून चिंता, आणि चिंतेमुळे पाळी आणखी लांबणीवर! त्यात चक्कर, थकवा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असल्याने आलेली चक्कर ही बाई ‘दिवस गेल्याची’ खूण समजते आणि घरची माणसेही तेच समजतात.

खरा घात यानंतर होतो. पट्टी ‘नाही’ म्हणत असताना कुणाच्या तरी सांगण्यावरून ‘पाळी आणायच्या’ गोळ्या, गर्भपाताच्या गोळ्या, काढे, नाहीतर एखाद्या बाबाचा अंगारा. गर्भच नसेल तर गर्भपाताची गोळी कशासाठी? आणि गर्भ नळीत अडकला असेल तर या गोळ्यांनी तो निघत नाही, उलट धोका झाकला जातो. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, अवेळी रक्तस्राव, घेरी येणे अशी लक्षणे असतील तर पट्टी काहीही म्हणो, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

सरकारने आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाची मोफत किट दिली, हे चांगलेच झाले. पण आशाताई त्याच गल्लीतली, कुणाची काकू, कुणाची वहिनी. लग्न न झालेली मुलगी तिच्या दारात कशी जाणार? फुकट पट्टी मिळते, पण गुप्तता मिळत नाही, हा आमचा मुद्दा आहे.

ही भीती जुनी आहे. शेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली, ती सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेला बालहत्येसाठी शिक्षा झाली त्या प्रकरणामुळे. बाईला फाशीपर्यंत नेणारा समाज त्या गर्भाच्या बापाचे नावही विचारत नव्हता. त्याआधी 1863 साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. आणि बाबासाहेब! 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने संततिनियमनाचा ठराव आला. बाबासाहेबांचे भाषण पी. जे. रोहम यांनी वाचून दाखवले. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर त्याने दुसरे मूल मागितले नसते, असा त्यातला मुद्दा. ठराव 11 विरुद्ध 52 मतांनी पडला. त्याआधी 1934 मध्ये र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’चा खटला बाबासाहेबांनीच लढवला होता. जयंतीच्या मिरवणुकीत हे सांगणारे भाषण आम्ही तरी फारसे ऐकलेले नाही.

आज कायदा बाईच्या बाजूने बराच पुढे आला आहे. 1971 च्या कायद्यानुसार सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची नाही. 2021 च्या दुरुस्तीने तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक केले. 29 सप्टेंबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही 24 आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीत विवाहितेसारखाच हक्क दिला. पण हा निकाल आमच्या वस्तीच्या विहारात कुणी वाचून दाखवला? महिला मंडळाच्या रविवारच्या बैठकीत एक तास यासाठी देता येणार नाही का? एखाद्या नर्सबाईला किंवा डॉक्टरीण बाईंना बोलवा. पुरुषांनी बाहेर बसावे. किंवा खरे तर आत बसून ऐकावे.

त्या मुलीची पाळी विसाव्या दिवशी आली. तिने नर्सबाईला फोन केला आणि एवढेच म्हणाली, “मावशी, आली. पन कोनाले सांगू नोका.”